ओटीवरचे वाय-फाय माजघरात कसे आले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनी दरवर्षी कोणी ना कोणी चार शब्द सांगते. कधी आहारावर, कधी मुलांच्या अभ्यासावर, कधी बचतीवर. यंदा चिटणीसबाईंनी मला गळ घातली आणि विषयही त्यांनीच ठरवून टाकला. "तुमच्या जुन्या घरात मागच्या पडवीपर्यंत वाय-फाय चालते, ते कसे काय, एवढेच सांगा," असे त्या म्हणाल्या. मी काही इंजिनियर नव्हे. तेव्हा आज मी जे सांगणार आहे त्यातले पुस्तकातले थोडे, आणि आमच्या घराच्या भिंतींनी शिकविलेले फार. त्यात माझ्या चुकाही आहेत. त्या आधी सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

आमचे घर आपल्यापैकी बहुतेकींच्या पायाखालचे आहे. पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दार. भिंती जांभ्याच्या, दीड दीड फूट रुंद. वर लाकडी तक्तपोशी, त्यावर माळा आणि माळ्यावर कौले. माजघराच्या एका अंगाला देवघर आणि दुसऱ्या अंगाला सासूबाईंची खोली. इंटरनेटची जोडणी घेतली तेव्हा वायर पुढच्या दाराने आली, आणि जेथे वायर संपली तेथेच, म्हणजे ओटीवर टीव्हीच्या मागे, राउटर बसला. बसवायला आलेल्या मुलाने विचारले, "येथे चालेल ना?" आमच्या यजमानांनी ओटीवरच्या आरामखुर्चीत बसून फोन पाहिला आणि म्हणाले, "उत्तम चालते." स्वयंपाकघरात जाऊन कोणी पाहिले नाही. मीही पाहिले नाही, हे कबूल केले पाहिजे.

पुढे आम्हाला सवयच झाली. आमची नात अकरावीत होती; तिचा अभ्यास ओटीवर, पाहुण्यांच्या गलक्यात. मंडळाच्या कोकम आगळाच्या मागण्या मी चुलीपुढून उठून, पदराला हात पुशीत ओटीवर जाऊन पाहायची. पुण्याच्या लेकीशी बोलायचे तर पुन्हा ओटी. घरातले बोलणे सारे ओटीवरच्या मंडळींसमक्ष! त्यात मोबाईलची रेंज आमच्या घरात मुळात नाममात्र. एक काडी दिसते, तीही खिडकीशी.

२०२४ च्या आषाढातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास सासूबाईंना धाप लागली. त्यांचे वय तेव्हा ब्याऐंशी. त्या उठून बसल्या, पण शब्द फुटेना; माझा हात मात्र घट्ट धरून ठेवलेला. यजमान त्या रात्री गावाला गेले होते. नात लहान, घाबरलेली. खोलीत ना मोबाईलची रेंज, ना वाय-फाय. फोन करायचा तर त्यांचा हात सोडून जाणे भाग होते. मी हात सोडविला आणि बाहेर धावले. पावसात खळ्यात उभी राहून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर भले. ते म्हणाले, "व्हिडिओवर मला त्यांचा श्वास दाखवा, पाय दाखवा." आता ते कसे दाखवायचे? शेवटी नातीने आणि मी त्यांना खुर्चीसकट उचलून दोन उंबरे ओलांडून ओटीवर आणले. डॉक्टरांनी पाहिले, ताबडतोब रुग्णालयात न्यायला सांगितले. छातीत पाणी झाले होते. चार दिवसांनी त्या सुखरूप घरी आल्या.

घरी आल्यावर एके सकाळी भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "अगो, तुमचे ते यंत्र ओटीवर पाहुण्यांसाठी बसविलेत. पाहुणा ओटीवर येतो खरा, पण दुखणे माजघरात येते."

भगिनींनो, माझे सारे भाषण या एका वाक्यात आले. बाकीचे मी सांगते ते केवळ त्याची कृती.

पहिली चूक यजमानांची. त्यांनी जास्त पैशांची जोडणी घेतली. पन्नास एमबीपीएसची दीडशे झाली. ओटीवर टीव्ही अधिक वेगाने पळू लागला आणि सासूबाईंच्या खोलीत पहिल्यासारखाच शुकशुकाट. वास्तविक एका व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. गावात येणाऱ्या पाण्याचा नळ मोठा केला म्हणून मागच्या न्हाणीत पाणी चढत नाही. मधली नळी तुंबलेली असेल तर ती पाहावी लागते. म्हणून पहिली परीक्षा ही करावी : राउटरच्या शेजारी उभे राहून वेग तपासावा, आणि मग स्वयंपाकघरात. शेजारीच वेग कमी असेल तर दोष जोडणीचा. शेजारी भरपूर आणि आत काही नाही, तर दोष घरातल्या वाटेचा. तेथे कंपनीला जादा पैसे देऊन उपयोग नाही.

दुसरी चूक माझी. मी 'रिपीटर' म्हणतात ते यंत्र आणले आणि जेथे रेंज नव्हती तेथेच, स्वयंपाकघरात, मिक्सरच्या पिनेत खोचले. फोनवर लगेच साऱ्या काड्या उभ्या राहिल्या! मला वाटले, जिंकले. पण व्हिडिओ काही हलेना. कारण सरळ आहे. रिपीटर आपल्याला जे मिळते तेच पुढे देतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फोनच्या काड्या रिपीटरपर्यंतची वाट दाखवितात. रिपीटरला स्वतःला काय मिळते ते दाखवीत नाहीत. रिपीटर लावायचाच तर रेंज चांगली आहे तेथे, अर्ध्या वाटेवर लावावा. शिवाय साधा रिपीटर एकाच तोंडाने ऐकतो आणि बोलतो; त्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

मग मी ठरविले, आधी पाहायचे आणि मग खर्च करायचा. दिनदर्शिकेच्या जुन्या पानाच्या पाठीवर घराचा नकाशा काढला. अँड्रॉइड फोनवर रेंज आकड्यांत दाखविणारी फुकट ॲप मिळतात. नातीने एक घातले. हे आकडे उणे असतात. शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे पन्नासच्या आसपास म्हणजे उत्तम. उणे सदुसष्टपर्यंत बोलणे आणि व्हिडिओ नीट चालतो. उणे ऐंशीच्या खाली गेले की आशा सोडावी. आणि प्रत्येक दहा आकड्यांना जोर दहापट कमी होतो. आमच्या ओटीवर उणे ४२ आले, माजघरात दार उघडे ठेवून उणे ६८, स्वयंपाकघरात उणे ८२ आणि सासूबाईंच्या खोलीत उणे ८७. म्हणजे ओटीवर जे मिळत होते त्याचा दहा हजारावा भाग चुलीपाशी येत होता! ज्यांना हे ॲप जमत नसेल त्यांनी लेकीला व्हिडिओ कॉल लावावा आणि बोलत बोलत घरभर फिरावे. चित्र जेथे थिजेल तेथे नकाशावर फुली मारावी.

आता हे असे का होते? या लहरी भिंतीतून जातात, हे काही नवे नाही. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. पण जाताना प्रत्येक भिंत आपला वाटा कापून घेते. लाकूड थोडा घेते, वीट अधिक, दीड फुटाचा जांभा फार. आणि लहर तिरपी गेली तर दीड फुटाची भिंत दोन-अडीच फुटांची होते. लोखंडी कपाट तर वाटच अडविते. आरशामागचा मुलामाही तसाच. पाणी लहरी गिळून टाकते. म्हणून राउटर पाण्याच्या पिंपामागे ठेवू नये. आपला जांभा सच्छिद्र आहे, पावसाळ्यात तो पाणी धरून बसतो. मे महिन्यात माजघरात चालणारे वाय-फाय आषाढात अडखळते, त्यातले बरेचसे या ओलीमुळे.

दुसरे असे की बहुतेक राउटर दोन तऱ्हेच्या लहरी सोडतात. त्यांना २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ म्हणतात. पहिलीची चाल सावकाश, पण भिंतीतून ती अधिक पार होते. दुसरी वेगवान, पण नाजूक. खोलीतल्या खोलीत उत्तम. दोघींची नावे वेगळी दिसत असतील तर लांबच्या खोलीत २.४ चीच निवडावी. मात्र चालू असलेला मायक्रोवेव्ह २.४ चीच पट्टी वापरतो. त्याच्या शेजारी राउटर नको.

हे समजल्यावर उपाय समोरच दिसला. नकाशात पाहा : माजघराला घरातली जवळजवळ प्रत्येक खोली लागून आहे. ओटीवरून सासूबाईंच्या खोलीत जायला दोन भिंती, त्याही तिरप्या, माजघरातून एकच. तेव्हा वाय-फायचे ठिकाण माजघर! पण भिंतीशी भांडायचे कशाला? भिंत जांभ्याची असली तरी वरची तक्तपोशी लाकडाची आहे. ओटीवरचा मूळ राउटर हलविला नाही, कारण काचेच्या तंतूची वायर फार वाकविली की बिघडते. त्याच्या पाठीमागच्या 'लॅन' असे लिहिलेल्या भोकातून साधी लॅनची वायर घेतली, ती कोपऱ्यातून माळ्यावर नेली, माळ्यावरून माजघरावर आणली आणि तक्तपोशीला एक भोक पाडून खाली उतरविली. अठरा मीटर लागली. ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते, तेव्हा आपल्यापैकी कोणाचेही घर तिला मोठे नाही. माळ्यावर उंदीर, म्हणून ती पीव्हीसीच्या पाइपातून नेली. बाहेरून, कौलांवरून मात्र नेऊ नका. माकडे तिची दोरी करतात.

वायरीच्या टोकाला दुसरा साधा राउटर लावला. हा दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून लावायचा असतो, हे फार महत्त्वाचे. त्याच्या मांडणीत तसा पर्याय असतो. नसेल तर त्याचे 'डीएचसीपी' बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा द्यावा आणि वायर त्याच्या लॅनच्याच भोकात घालावी. डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक फोनला क्रमांक वाटून देणारा कारभारी. एका घरात दोन कारभारी झाले की काय होते, हे आपणा बायकांना कोणी सांगायला नको! नाव आणि पासवर्ड दोन्हींना एकच ठेवला, म्हणजे फोन माणसाबरोबर ओटीवरून आत येताना बहुधा आपोआप जवळचा राउटर धरतो. २.४ च्या पट्टीत दोघांना वेगळे चॅनेल दिले, एकाला १ आणि दुसऱ्याला ६. या पट्टीत १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेले एकमेकांच्या पायात येत नाहीत.

एक बारीक गोष्ट. राउटरच्या उभ्या काड्यांतून लहरी भुईचक्राच्या ठिणग्यांसारख्या आडव्या पसरतात. टोकाच्या दिशेला कमी. म्हणून घर एकमजली पसरलेले असेल तर काड्या उभ्या ठेवाव्या. वरच्या माडीवर पोहोचवायचे असेल तर एक काडी आडवी करावी.

खर्च विचाराल तर वायर, पाइप, राउटर आणि वायरमनची मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत झाले. पुन्हा नकाशा घेऊन फिरलो. माजघर उणे ४५, स्वयंपाकघर उणे ६१, सासूबाईंची खोली उणे ६३. यजमानांनी दुसऱ्याच महिन्यात जोडणी पुन्हा पन्नासवर आणली.

येथे एक नवल सांगण्यासारखे आहे. त्यानंतर ओटीवरचे वाय-फायही सुधारले. त्याचे कारण असे : एका राउटरशी सारे फोन पाळीपाळीने बोलतात. दूरचा फोन, ज्याला नीट ऐकू येत नाही, तो फार सावकाश बोलतो आणि साऱ्यांचा वेळ खातो. आमच्याकडे गणपतीला मुंबईची मंडळी आली की पंधरा फोन होतात, आणि मागच्या खोलीतला एकच फोन साऱ्या पंगतीला खोळंबून ठेवी. मागे बसलेल्याला जवळून वाढले, तर पुढची पंगतही लवकर उठते.

सर्वच घरे आमच्यासारखी नाहीत, हे मला ठाऊक आहे. ज्यांची घरे सिमेंटच्या स्लॅबची आहेत त्यांच्या स्लॅबात लोखंडी सळ्या असतात. तेथे माडीवर वायर जिन्याच्या कडेने नेऊन दुसरा राउटर वर लावावा. भाड्याच्या घरात भोके पाडता येत नाहीत. त्यांनी 'मेश' म्हणतात तो दोन-तीन नगांचा संच घ्यावा. तो महाग पडतो. त्याचे नग एकमेकांशी हवेतूनच बोलतात, म्हणून ते उघड्या दारांच्या रेषेत ठेवावे. जाड भिंतीआड ठेवले तर तेथेही आडाचीच गोष्ट. आणि ज्यांना एक पैसाही खर्चायचा नाही त्यांनी निदान राउटर टीव्हीमागून काढून, उंच आणि मोकळा, आतल्या दारासमोर ठेवावा. तेवढ्यानेही फरक पडतो.

आता दोन गोष्टी दुखण्याखुपण्याच्या. पहिली 'वाय-फाय कॉलिंग'. मोबाईलची रेंज नसलेल्या खोलीतूनही घरच्या वाय-फायवरून नेहमीच्या क्रमांकाने साधा फोन लावता येतो. आपल्या देशात मोबाईल कंपन्यांनी ही सोय २०१९ च्या अखेरीपासून द्यायला सुरुवात केली. ती फोनच्या सेटिंगमध्ये चालू करावी लागते. फोन आणि कंपनी दोघांनाही ती चालावी लागते. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने पाहावे.

दुसरी गोष्ट विजेची. जुना काळा टेलिफोन लाईट गेली तरी चाले, कारण त्याची वीज टेलिफोनच्या तारेतूनच येत असे. राउटरचे तसे नाही. लाईट गेली की वाय-फाय गेले, आणि आपल्याकडे लाईट नेमकी पावसाच्या रात्री जाते. राउटरसाठी लहान बॅटरी मिळते. घेताना राउटरच्या पिनेवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावे. ओटीवरचा आणि माजघरातला, दोघांनाही बॅटरी हवी. एकालाच देऊन भागत नाही. मात्र कडकडाट सुरू झाला, की बॅटरीवर असले तरी भिंतीतली पिन काढून ठेवावी.

पासवर्डाविषयी एकच सांगते. एक ते आठ आकडे ओळीने लिहिणे म्हणजे दाराला कडी न लावण्यासारखे आहे. मोठा ठेवा आणि घरातल्यांना ठाऊक असू द्या. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' म्हणून वेगळे नाव देता येते.

सासूबाईंचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. २०२५ च्या श्रावणात त्यांना रात्री पुन्हा तसाच त्रास झाला. लाईट गेलेली होती. यजमानांनी कंदील धरला, नातीने फोन. डॉक्टरांनी व्हिडिओवर त्यांचा श्वास मोजला, पाय पाहिले, उशा कशा लावायच्या ते सांगितले आणि गाडी बोलवायला सांगितली. गाडी येईपर्यंत ते फोनवर होते. मी सासूबाईंच्या पलंगावर बसून होते. या वेळी त्यांचा हात मला सोडावा लागला नाही.

त्या आज पुढच्या रांगेत बसलेल्या आहेत. माझ्या भाषणात काही चुकले असेल तर घरी गेल्यावर त्या मला सांगतीलच.

भगिनींनो, घरात नवी वस्तू येते तेव्हा ती कोठे बसवायची, हे बहुधा दारात उभा असलेला माणूस ठरवितो. यापुढे ते आपण ठरवावे. प्रत्येकीने येत्या आठवड्यात घरातल्या तीन जागा तपासाव्या : राउटरच्या शेजारी, चुलीपाशी, आणि घरातले सर्वांत म्हातारे किंवा आजारी माणूस जेथे झोपते तेथे. तिसऱ्या जागी फोन चालला तर घरात वाय-फाय आहे असे म्हणावे. ज्यांना हे एकटीने जमत नसेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. मी आणि माझी नात शनिवारी दुपारी फोन आणि कोरा कागद घेऊन येऊ. चहा मात्र तुमच्याकडचा.